संत कोण ठरवतं? गोरोबांचं थापटणं आणि रोमची फाईल

हेडफोन लावा, एसटीत असाल तर खिडकीची जागा पकडा, कारण आजचा भाग जरा लांबचा पल्ला घेणार आहे. हिंगोली जिल्ह्यातून निघायचं, रोम, नागासाकी, पंजाब असं फिरायचं आणि शेवटी पंढरपूरच्या महाद्वारात येऊन थांबायचं.

प्रश्न मात्र एका ओळीचा आहे. एखादा माणूस संत आहे, हे ठरवतं कोण?

मी हिंगोलीचा. जिल्हा तसा तरुण, माझ्याच वयाचा म्हणा ना, १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला. बाहेर कुणाला ओळख सांगायची तर आम्ही दोन गावांची नावं घेतो. एक औंढा नागनाथ आणि दुसरं कयाधू नदीकाठचं नरसी. नरसी म्हणजे संत नामदेवांचं गाव. परंपरेनं त्यांचा जन्म १२७० चा, कार्तिक शुद्ध एकादशीचा. जन्म पंढरपूरचा असंही काही अभ्यासक म्हणतात, काही जण कऱ्हाडजवळच्या नरसिंगपूरचं नाव घेतात. आम्ही हिंगोलीकर हे सगळं ऐकून घेतो आणि गावच्या पाटीवर ‘नरसी नामदेव’च लिहितो.

तर नामदेव संत. यात कुणाला शंका नाही. पण हा शिक्का मारला कुणी? कुठल्या तारखेला? कागद कुठाय? मी दिवसभर सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चार ओळींचा बदल असला तरी दुसऱ्या दोघांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. कुणी बदललं, कुणी मंजूर केलं, किती वाजता, सगळी नोंद राहते. त्यामुळे असले प्रश्न मला पडतात, त्याला इलाज नाही.

आधी एक गंमत. मराठीतला ‘संत’ आणि इंग्रजीतला ‘सेंट’ हे शब्द ऐकायला भाऊ-भाऊ वाटतात. अर्थही जवळपास तोच. पण दोघांचं कूळ वेगळं. आपला संत संस्कृतातल्या ‘सत्’वरून आला, म्हणजे जे खरं आहे, जे आहे, ते. सेंट आला लॅटिनमधल्या ‘सांक्तुस’वरून, म्हणजे पवित्र म्हणून वेगळा काढलेला. आवाज जुळला तो योगायोगानं. मराठी ख्रिस्ती माणूस ‘संत फ्रान्सिस झेवियर’ म्हणतो तेव्हा हे दोन्ही शब्द एकाच उच्चारात बसतात. पण एका शब्दात ‘खरा आहे का’ हा प्रश्न आहे आणि दुसऱ्यात ‘वेगळा काढला का’ हा. पुढचा सगळा भाग ऐकताना हा फरक डोक्यात असू द्या.

आता आपली मराठी पद्धत बघू. त्यासाठी गोरोबाकाकांच्या घरी जावं लागेल, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. कीर्तनात ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल, तरी सांगतो, कारण मला ही संतत्वाच्या परीक्षेची सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

संतमंडळी जमली आहेत. ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताबाई, नामदेव, सगळे. कोपऱ्यात एक लाकडी थापटणं पडलंय. मुक्ताबाई, वयानं सगळ्यांत लहान, विचारते, काका, हे काय? गोरोबा म्हणतात, याच्यानं मडकं थापटून बघतो, पक्कं कोणतं आणि कच्चं कोणतं ते कळतं. मुक्ताबाई म्हणते, मग आम्हीही मडकीच की, बघा आम्हाला. आणि गोरोबा खरंच उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत सुटतात. सगळे गप्प बसून मार खातात. नामदेवांची पाळी येते तेव्हा ते चिडतात. हा कसला पाहुणचार? गोरोबांचा निकाल लगेच तयार: हे मडकं कच्चं.

बघा इथं काय झालं. परीक्षक कुंभार. परीक्षेची सूचना देणारी एक लहान मुलगी. परीक्षा देणारा म्हणजे ज्याच्याशी प्रत्यक्ष विठ्ठल बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठल खातो अशी ख्याती असलेला माणूस. म्हणजे चमत्कार नावावर आधीच जमा आहे. तरी नापास! चमत्काराला इथं एकही मार्क नाही. मार खाल्ल्यावर तू काय करतोस, त्याला मार्क आहेत.

नामदेव रुसून पंढरपूरला जातात, विठ्ठलाकडे तक्रार करतात. विठ्ठलही म्हणतो, ते बरोबर बोलले, तुला गुरू पाहिजे. आणि पत्ता देतो आमच्या औंढ्याचा. तिथं विसोबा खेचर आहेत, त्यांच्याकडे जा. नामदेव औंढ्याला येऊन बघतात तर हा म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून निवांत झोपलाय. नामदेव म्हणतात, पाय काढा. विसोबा म्हणतात, बाबा, मला उठवत नाही, जिथं देव नाही तिथं तूच ठेव. नामदेव पाय उचलून दुसरीकडे ठेवतात, तिथंही पिंड. तिसरीकडे, तिथंही. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडतो. आणि हे विसोबा कोण? परंपरा सांगते की आधी ज्ञानदेव-भावंडांना छळणाऱ्यांतले एक. तेच पुढे त्यांचे शिष्य झाले.

या गोष्टी इतिहासात जशाच्या तशा घडल्या का, हा वेगळा विषय. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की परंपरेनं त्या जपल्या. आपल्या लाडक्या संताचा नापास झाल्याचा निकाल सातशे वर्षं कीर्तनात जाहीर सांगितला जातोय, आणि लोक हसून ऐकतात. मडकं भाजायचं राहिलं होतं, भाजलं, पक्कं झालं. संतपण मिळण्याआधीची कच्ची अवस्था लपवायची गरज कुणालाच वाटली नाही.

बरं, पक्कं झाल्याचं प्रमाणपत्र? तेही नाही. लोकांनी अभंग गायले, पालखी काढली, पुण्यतिथी धरली, बस्स. त्याची किंमतही मोजावी लागते. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या कवीच्या आणि इतरांच्याही रचना मिसळल्या आहेत. मुद्रा एकच, ‘नामा’. एकाच युजरनेमवरून चार जण लिहीत असले तर जे होईल ते झालं. अभ्यासक अजून ते सोडवत बसलेत, वारकरी मात्र सगळंच गातात.

आता विमान पकडून रोमला.

सुरुवातीला ख्रिस्ती जगातही आपल्यासारखंच होतं. धर्मासाठी कुणी जीव दिला की लोक त्याच्या थडग्यावर जमायचे, मृत्यूच्या तारखेला सण करायचे, स्थानिक बिशप मान डोलवायचा, झाला संत. पोपनं स्वतः एखाद्याला संत जाहीर केल्याची पहिली पक्की नोंद ९९३ सालची, जर्मनीतल्या ऑग्सबुर्गचा बिशप उलरिक याची. १२३४ पर्यंत कायद्यानं ठरून गेलं की हा अधिकार फक्त पोपचा. १५८८ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी रोममध्ये यासाठी वेगळं खातंच काढलं. आणि त्या काळात एक पद आलं, त्याचं लोकांनी पाडलेलं नाव मला फार आवडतं: सैतानाचा वकील. याचं काम एकच. समोर आलेल्या उमेदवाराविरुद्ध बोलायचं. चमत्कार खोटा कसा, स्वभावात खोट कुठे, लिखाणात चूक कोणती, हे शोधायचं. आमच्याकडे टेस्टिंगवाला असतो ना, तुमचं प्रॉडक्ट मोडून दाखवायचा पगार घेणारा, तसा.

आजची पद्धत थोडक्यात अशी. माणूस गेल्यावर साधारण पाच वर्षं थांबायचं, म्हणजे भावनेचा पूर ओसरतो. मग स्थानिक बिशप चौकशी सुरू करतो. साक्षीदार, पत्रं, लिहिलेला प्रत्येक शब्द तपासायचा. फाईल रोमला जाते. टप्पे चार: ईश्वराचा सेवक, मग आदरणीय, मग धन्य आणि शेवटी संत. ‘धन्य’साठी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो, तो बहुधा आजार बरा झाल्याचा, आणि तो वैद्यकशास्त्रानं समजावता येत नाही असं डॉक्टरांनी सांगावं लागतं. ‘संत’साठी त्यानंतर घडलेला आणखी एक. धर्मासाठी मारला गेलेला असेल तर पहिल्या चमत्काराची अट नाही.

आणि एक नियम असा आहे की वारकऱ्याला चक्कर यावी. सतराव्या शतकात पोप अर्बन आठवे यांनी हुकूम काढला: रोमनं मान्यता देण्याआधी कुणाचीही जाहीर पूजा करायची नाही. इतकंच नाही, फाईल पुढे सरकवायची तर अशी पूजा झालेली नाही हे सिद्ध करून द्यायचं. म्हणजे लोकांमध्ये ख्याती हवी, पण लोकांनी परस्पर आरती सुरू केलेली नको. आपल्याकडे आरती हाच पुरावा, तिकडे आरती हीच अडचण.

१९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ही सगळी पद्धत सुटसुटीत केली. सैतानाच्या वकिलाचा दरारा संपला. त्यानंतर संतांची संख्या भराभर वाढली. मदर तेरेसांचं उदाहरण आपल्याला जवळचं. त्या गेल्या ५ सप्टेंबर १९९७ ला. पाच वर्षांची अट त्यांच्यासाठी सैल केली. २००३ मध्ये धन्य, ४ सप्टेंबर २०१६ ला संत. एकोणीस वर्षांत काम फत्ते. त्यांच्या चौकशीत चर्चनं ख्रिस्तोफर हिचन्स या त्यांच्या कट्टर टीकाकाराला साक्षीला बोलावलं होतं, हे मात्र मला कौतुकाचं वाटतं. त्यांच्या पहिल्या चमत्कारावर, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी बाईच्या पोटातल्या गाठीवर, वादही झाला. तिच्यावर उपचार केलेल्या डॉक्टरांनी जाहीर सांगितलं की ती औषधांनी बरी झाली. रोमनं ते मानलं नाही.

पण मला सांगायचंय ते मदर तेरेसांबद्दल नाही. आपल्या महाराष्ट्राचा एक माणूस या रोमच्या यादीत आहे आणि पुण्या-मुंबईतल्या किती जणांना तो माहीत असेल, देव जाणे. वसईचा गोन्सालो गार्सिया.

जन्म साधारण १५५७. वसईवर तेव्हा पोर्तुगीज राज्य. बाप पोर्तुगीज, आई इथली, कोकणातली. वसईच्या किल्ल्यात जेझुइट पाद्रींच्या हाताखाली शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. पोरगा हुशार, जपानी भाषा अशी उचलली की प्रवचनाचं काम त्याच्यावर येऊ लागलं. आठेक वर्षं त्यानं जेझुइटांसाठी काम केलं. त्याची इच्छा एकच, मला तुमच्या संघात घ्या. त्यांनी घेतलं नाही. आईचं इथलं असणं आड आलं, असं बहुतेक चरित्रकार मानतात. पठ्ठ्या निराश होऊन मकावला गेला, व्यापारात पडला, पैसाही कमावला. मग मनिलात फ्रान्सिस्कन संघानं त्याला घेतलं, तेही पाद्री म्हणून नाही, साधा बंधू म्हणून. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता या पाद्रीबरोबर दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला पोचला.

तिथं सत्ताधीश हिदेयोशीचं मन ख्रिस्ती मिशनऱ्यांवरून फिरलं. सव्वीस जणांना पकडलं. वीस जपानी, सहा परदेशी. भर थंडीत त्यांना शेकडो मैल चालवत नागासाकीला नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यातला एक आपल्या वसईचा.

आता तारखा मोजा. १६२७ मध्ये ‘धन्य’. आणि ‘संत’ कधी? ८ जून १८६२. मध्ये दोनशे पस्तीस वर्षं. तेवढ्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, मग इंग्रज आले, किल्ल्यातली चर्चं पडून त्यांत झाडं उगवली. आणि वसईकर ख्रिस्ती त्या काळातही गोन्सालोला धरून राहिले. आज तिथं त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे.

ज्याला संघाच्या दारात उभं केलं नाही त्यालाच पुढे वेदीवर बसवलं. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला ते पंढरपुरात लागणार आहे.

गोव्याच्या जोसेफ वाझ यांना तर याहून जास्त थांबावं लागलं. जन्म बाणावलीचा, १६५१. सिलोनात जाऊन लपूनछपून काम केलं, १७११ मध्ये कँडीला वारले. संत झाले १४ जानेवारी २०१५ ला, कोलंबोत, पोप फ्रान्सिस यांच्या हातून. तीनशे चार वर्षं! आणि तिथं दुसऱ्या चमत्काराची अट पोपनं सोडून दिली. म्हणजे नियम करणारा नियम वाकवूही शकतो. ॲडमिनचे अधिकार, दुसरं काय.

सगळे ख्रिस्ती असंच करतात असं मात्र नाही. ऑर्थोडॉक्स पंथांत चमत्काराची मोजदाद नाही, चार टप्प्यांचा जिना नाही. लोक आधीच एखाद्याच्या कबरीवर जात असतात, धर्मसभा ते बघते आणि म्हणते, बरोबर आहे तुमचं. केरळातले परुमला तिरुमेनी १९०२ मध्ये वारले, लोकांची रीघ लागली आणि मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चनं १९४७ मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं. हे मला आपल्या पद्धतीच्या जवळचं वाटतं. आधी पाय चालतात, मग सही होते.

प्रोटेस्टंटांत बहुतेकांचं म्हणणं सरळ आहे: बायबलमध्ये ‘संत’ हा शब्द सगळ्याच श्रद्धावंतांसाठी वापरलाय, वेगळी यादी कशाला? अँग्लिकन लोक मधली वाट काढतात. ते चमत्कार तपासत नाहीत, पण वर्षाच्या कॅलेंडरमध्ये आदरणीय माणसांची नावं घालतात. आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या कॅलेंडरमध्ये ३० एप्रिलला कुणाचं नाव आहे माहितेय? पंडिता रमाबाईंचं. बायबलची भाषांतरकार म्हणून. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ भाषांवरून मराठी बायबल करणारी आपली रमाबाई लंडनच्या प्रार्थनेत आठवली जाते, आणि आपल्याकडे तिचा धडा परीक्षेपुरता!

मुसलमानांत तर कुठलंच मध्यवर्ती खातं नाही. वली कोण, हे त्याचे मुरीद, त्याची गुरुपरंपरा आणि मग लोक ठरवतात. आमच्या जुन्या जिल्ह्याच्या गावी, परभणीला, तुराबुल हक शहांचा दर्गा आहे. दर फेब्रुवारीत उरूस भरतो आणि त्यात सगळ्या धर्मांची माणसं असतात. उरूस या शब्दाचा अर्थ लग्न. वलीचा मृत्यू म्हणजे त्याचं देवाशी लग्न, म्हणून सण मृत्यूच्या दिवशी. कॅथलिकही बहुतेक संतांचा सण मृत्यूच्या तारखेला धरतात, आपणही पुण्यतिथी धरतो. तिघांनी एकमेकांना न विचारता एकच तारीख निवडली. श्रीगोंद्याचे शेख महंमद तर दोन्हीकडचे. सूफी परंपरेतले, आणि ‘योगसंग्राम’ लिहिणारे मराठी संतही.

आता नामदेवांकडे परत येऊ, कारण त्यांची गंमत इथं संपत नाही. त्यांना दुसऱ्या एका धर्मानंही मान्यता दिली, आणि ती पद्धत आतापर्यंतच्या सगळ्यांहून वेगळी आहे. संपादनाची.

नामदेव उत्तरेला गेले, पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला बरीच वर्षं राहिले, अशी परंपरा आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ तयार केला. त्यात फक्त गुरूंची वाणी नाही. कबीर, रविदास, शेख फरीद यांच्याही रचना आहेत, आणि नामदेवांची एकसष्ट पदं. काही कवी आपल्या रचना घेऊन आले आणि त्या नाकारल्या गेल्या, असंही शीख परंपरा सांगते. म्हणजे निवड होती, कडक होती. ना चमत्काराचा पुरावा, ना डॉक्टरांची साक्ष. तुमचे शब्द काय आहेत, एवढंच बघितलं. आज कुणी गुरू ग्रंथसाहिबापुढे डोकं टेकवतो तेव्हा ते आमच्या नरसीच्या शिंप्याच्या शब्दांपुढेही टेकतं. नरसीत गुरुद्वारा आहे, नांदेडहून शीख यात्रेकरू येतात. २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवं मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते या नात्यामुळे.

समाधीही दोन आहेत बरं का. पंढरपूरकर म्हणतात नामदेवांनी १३५० मध्ये महाद्वाराच्या पायरीशी समाधी घेतली. घुमानकर म्हणतात आमच्याकडे. यावर निकाल देणारं कुणी नाही, आणि कुणाचं अडलेलंही नाही.

त्या एकसष्ट पदांत एक प्रसंग येतो. नामदेव देवळात भजन करत असतात, पुजारी त्यांची जात काढून त्यांना उठवतात, ते मागच्या बाजूला जाऊन बसतात आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरतं. आम्ही औंढ्याचे लोक हीच गोष्ट नागनाथाची म्हणून सांगतो. तिथं नंदी देवळाच्या पुढे नसून मागे आहे, तो दाखवतो. देऊळ फिरलं की नाही ते सोडा. ज्या माणसाला आज दोन धर्म डोक्यावर घेतात त्याला देवळातून उठवलं होतं, ही आठवण पंजाबच्या ग्रंथात आणि हिंगोलीच्या देवळात, दोन्हीकडे राहिलीय.

आणि इथं आपण चोखोबांपाशी येतो. मघापासून मी लोकांनी ठरवण्याच्या पद्धतीचं कौतुक करतोय. कुंभार परीक्षक, शिंपी संत, कागद नाही, पोप नाही. पण मग चोखामेळ्याचं काय?

चोखोबा मंगळवेढ्याचे, महार. नामदेवांना गुरू मानणारे. त्यांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग आहेत. अख्खं घर संत. त्यांचं संतपण कुणी नाकारलं नाही. आणि देवळात? देवळात प्रवेश नाही. संत आहेस, मान्य, पण दाराबाहेर थांब. कर्ममेळ्याच्या अभंगांत तर देवालाच खडसावून विचारलेलं आहे की आम्हाला असा जन्म का दिला. वारकरी परंपरेनं हे अभंगही जपले, गायले, हे खरं. गाऊनही दार उघडलं नाही, हेही तेवढंच खरं.

मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. साल १३३८ सांगतात. नामदेव तिथं गेले. ढिगाऱ्यात हाडांचा खच, कोणती कुणाची कळायला मार्ग नाही. नामदेव एकेक हाड कानाला लावत गेले, ज्यातून विठ्ठल-विठ्ठल ऐकू आलं ते चोखोबांचं म्हणून वेगळं काढलं. रोममध्येही संताचे अवशेष ओळखायचा रीतसर विधी असतो, बिशप, डॉक्टर, सीलबंद पेटी, सह्या. इथं एक कान. ती हाडं नामदेवांनी पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. समोर. बाहेर. हाडांनाही आत जागा मिळाली नाही.

वसईचा गोन्सालो आठवला का? त्याला संघानं घेतलं नाही आणि नंतर त्याच चर्चनं वेदीवर बसवलं. रोमच्या पद्धतीत निदान एक सोय होती. एकदा नाव यादीत गेलं की जगातल्या कुठल्याही चर्चमध्ये त्याची मूर्ती बसू शकते, कुणी अडवू शकत नाही. आपल्याकडे यादीच नाही, त्यामुळे नाव कुठे लागू होतं आणि कुठे नाही, हे दारावर उभा असलेला माणूस ठरवत राहिला. लवचिक पद्धतीचा हा तोटा मला आधी कधी सुचला नव्हता. ज्यात लिहिलेला नियम नसतो तिथं ताकदवान माणसाची सवय हाच नियम होऊन बसतो. आमच्या क्षेत्रातही हेच बघतो मी, पण ते जाऊ द्या.

दार उघडायला सहाशे वर्षं लागली. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून जनमत उभं केलं होतं. १० मे ला उपोषण सुटलं, मंदिर सगळ्यांना खुलं करायचं ठरल्यावर. परुमला तिरुमेनींना केरळात संत जाहीर केलं तेही याच वर्षी. आणि पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं अस्पृश्य कोण होते याचा शोध घेणारं पुस्तक आलं. त्याची अर्पणपत्रिका तिघांच्या नावे आहे: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. तिघेही संत, तिघेही अस्पृश्य मानलेल्या जातींतले. वारकरी पद्धतीवर ज्यांचा राग असायला सगळी कारणं होती, त्या माणसानंही चोखोबांचं नाव आदरानं लिहिलं.

पंढरपूरला गेलात तर महाद्वारात दोन्ही समाध्या बघा, काही पावलांच्या अंतरावर आहेत. चोखोबांची बाहेर. आणि नामदेवांची पायरीशी. त्यांची इच्छा अशी होती म्हणतात की देवळात जाणाऱ्या प्रत्येकाचे पाय आपल्याला लागावेत. आज त्या पायरीवर कुणी पाय ठेवत नाही. लोक वाकून हात लावतात आणि ओलांडून आत जातात.

भेटू पुढच्या भागात.